मधले नट आधी

धानोरा, ता. २८ एप्रिल १९५७

ती. भाऊ यांचे सेवेशी,
नीलाचा शिरसाष्टांग नमस्कार.

गाडी बंद पडली आहे. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी ते तुम्हाला माझ्याकडून कळावं म्हणून लिहिते.

गेल्या वर्षी डॉक्टर, तुमचे धाकटे भाऊ, गेले तेव्हा तुम्ही सर्वांनी मला ब्रह्मपुरीला बोलावलं. इथला दवाखाना आता मलाच बघायचा होता, तो सोडायला मी तयार नव्हते. शेवटी मी असं ठरवून दिलं की यांची मोटार चालते आहे तोवर धानोऱ्यात राहीन आणि ज्या दिवशी ती बंद पडेल त्या दिवशी मुकाट्याने परत येईन. तुम्ही ओसरीवर होता, मी माजघराच्या दाराआड होते आणि भागीरथाबाई उंबऱ्यावर उभ्या राहून इकडचं तिकडे सांगत होत्या. धाकट्या भावाच्या बायकोने थोरल्याशी, भासऱ्यांशी, बोलायचं नाही, त्यांच्या अंगावर आपली सावलीही पडू द्यायची नाही, ही आपल्या घरची रीत. कागदावर बोलायला अजून कोणी बंदी घातलेली नाही, म्हणून मोकळेपणाने लिहिते.

परवा चढावर रेडिएटर उकळला. पाणी घालत घालत कशीबशी घरी आणली. आता इंजिन फडफडतं, मागच्या नळीतून पांढरी वाफ येते आणि तेल ताकासारखं दिसतं. मागे एकदा असंच झालं होतं, तेव्हा तुम्ही आणि डॉक्टरांनी अंगणात इंजिनाचं वरचं झाकण, ते हेड, उतरवून त्याखालचं गॅस्केट बदललं होतं. हे तेच दुखणं असावं.

माणूस आजारी पडलं की लगेच गेलं असं आपण धरत नाही. गाडीलाही तेवढी सवलत द्या. पावसाने रस्ता बंद व्हायच्या आत ती चालती झाली तर मी राहीन. नाही झाली तर बिऱ्हाड घेऊन येईन. नागपूरहून गॅस्केट मागवून द्या आणि काम कसं करायचं ते लिहा. गडचिरोलीचा मेकॅनिक तेंदूपत्त्याच्या ट्रकांपायी मोकळा होत नाही. मी स्वतः करणार आहे.

आपली,
नीला

*

ब्रह्मपुरी, ता. ७ मे १९५७

चि. नीलाबाई यांस आशीर्वाद.

निवडणूक संपून दोन महिने झाले तरी माझा घसा अजून बसलेलाच आहे. भागीरथा म्हणते, घरात इतकी शांतता लग्नानंतर पहिल्यांदाच झाली. तेव्हा लिहिणंच बरं.

गॅस्केट नागपूरहून आलं. ते बसच्या नथ्थू ड्रायव्हरबरोबर पाठवतो आहे. काम असं: रेडिएटरचं पाणी सोडावं, रबरी नळी आणि प्लग काढावेत, हेडवरचे सगळे नट सोडवावेत. हेड स्टडवर, म्हणजे उभ्या खिळ्यांवर, घट्ट बसलेलं असतं, ते लाकडाने ठोकून सैल करावं आणि दोघांनी सरळ वर उचलावं. खालची-वरची काजळी खरवडून दोन्ही अंगं स्वच्छ करावीत. नवं गॅस्केट ग्रीस लावून ठेवावं, हेड बसवावं, नट आवळावेत. झालं.

लिहायला एवढंच आहे, करायला मात्र हे कारखान्याचं काम आहे. मी सभासभांतून सांगत आलो की बाईला शाळा, कचेरी, दवाखाना सगळं खुलं असलं पाहिजे. त्यातला एक शब्द मी मागे घेत नाही. पण तत्त्व एका जागी आणि बापूच्या मागे रानात एकटं राहिलेलं घरचं माणूस एका जागी. तिथल्या हिवतापाने माझा भाऊ नेला. त्या रानाला आणखी काही द्यायची माझी तयारी नाही.

लाकडाच्या डेपोतला एक ठेकेदार गाडी आहे तशी उचलायला तयार आहे. माडीवरची खोली सारवून झाली आहे. हेड निघालं नाही तर हात दुखवून घेऊ नका. सरळ निघून या.

शुभचिंतक,
गुणवंतराव

*

धानोरा, ता. १९ मे १९५७

ती. भाऊ यांचे सेवेशी,
शिरसाष्टांग नमस्कार.

गाडी चालू झाली!

नथ्थूने पार्सल हातोहात आणून दिलं. तांब्याच्या दोन पत्र्यांमध्ये दाबलेला तो पुठ्ठा, त्याला पडलेली चार मोठी भोकं आणि कितीतरी बारकी, हे सगळं कलाबाईने उन्हात धरून पाहिलं आणि म्हणाली, “येवढ्याशा चाळणीपायी येवढी मोटार बसली व्हय?” कलाबाई आमच्या दवाखान्यातली दाई. गोंडाची बाई, माझ्याहून मोठी, आणि बोलताना समोर कोण आहे हे बघत नाही. सध्या सगळं गाव पहाटे तेंदूपत्ता तोडायला जातं, तीही जाते. दुपारी ती परतली की आम्ही दोघी बोनेटखाली.

नट सुटले, एक सोडून. तो गंजला होता, त्याला रॉकेल पाजून पाजून नरम केला. मग हेड हलेना. कपडे धुवायच्या मोगरीने मी ठोकत होते आणि कलाबाई शेजारी उभी राहून ओरडत होती, “जोर दे, बाई, जोर दे! आता येते!” मी म्हटलं, हे तू बाळंतिणीला म्हणतेस तेच मला म्हणते आहेस. तर म्हणाली, “मंग? अडल्यावर दुसरं काय म्हणतेत?”

आणि हेड निघालं. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधली पट्टी जळून कोळसा झाली होती. आजार कुठे आहे हे डोळ्यांनी दिसलं की अर्धी भीती जाते. हे रोग्याच्या बाबतीत मला माहीत होतं, यंत्राच्या बाबतीत आता कळलं. काजळी आम्ही बांबूच्या कामटीने खरवडली, लोखंडाला ओरखडा नको म्हणून.

आवळण्याबद्दल तुम्ही फारच थोडं लिहिलं होतं, पण ते मला ठाऊक होतं. तुम्ही दोघे अंगणात काम करत होता तेव्हा मी दाराच्या फटीतून सगळं पाहिलं होतं. तुमचा हात कडेकडेने गोल फिरत होता, तो मला अजून दिसतो. मीही तसंच केलं. कडेचा एकेक नट पक्का करत गोल आले आणि मधले शेवटी आवळले.

हँडल मारलं. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा इंजिनाने आवाज दिला. कलाबाई टाळ्या पिटत म्हणाली, “रडली, रडली! जित्ती हाय!”

तेव्हा खोली दुसऱ्या कोणाला द्यावी. ठेकेदारास नमस्कार सांगावा.

आपली,
नीला

*

ब्रह्मपुरी, ता. २३ मे १९५७

नीला, तुले आशीर्वाद.

तूनच मले अक्षरं शिकवली, आता वाकडंतिकडं लिवलं तर हासू नको. हे पत्र मी यायच्या, तुझ्या भासऱ्यायच्या, नकळत लिवून राह्यली.

तुझं पत्र यायनं ओसरीवर वाचलं. मलेही वाचून दाखवून राह्यले होते. त्या दाईचं आयकून आमी दोघंही हासलो. मंग एकदम थांबले अन् म्हणाले, “कडेचे आधी आवळले? मधले शेवटी? हे टिकत नाई. पहिल्या चढावर पुन्हा जाते.” मी म्हणली, मंग आताच लिवा तिले, काऊन बसले? तर चष्मा पुसत बसले. मंग तो लावून म्हणाले, “गेली तर जाऊ दे. ती घरी तर येईन.”

मले ते गोड लागलं नाई. मोटारीतलं मले काई समजत नाई. मधले नट आधी आवळाचे अन् कडेचे मंग, येवढंच मी ध्यानात ठेवलं. तू समजून घे. अन् मोटार चढावर नेऊ नको.

तुझी,
भागीरथा

*

धानोरा, ता. ३१ मे १९५७

ती. भाऊ यांचे सेवेशी,
नमस्कार.

भागीरथाबाईंनी मला सगळं कळवलं आहे. त्यांच्यावर रागावू नका. या घरात खरं सांगायला कोणीतरी आहे याचा आनंद माना.

त्यांचं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशी गाडी बसली. रानातल्या एका गावाहून मंगली नावाच्या अडलेल्या बाईला आणायला आम्ही निघालो होतो. तुम्ही म्हणालात तसंच झालं, पहिल्या चढावर. पुढे कलाबाई पायी गेली आणि मंगलीला बैलगाडीत घालून निघाली. तिने वाटेतच, पळसाच्या सावलीत, बाळंतपण केलं. आई आणि मूल दोन्ही सुखरूप आहेत. त्यात माझं काही नाही, सगळं कलाबाईचं. बाईंनी लिहिलं त्याच दिवशी तुम्ही लिहिलं असतं तरी पत्र वेळेवर पोचलं नसतं, हे मी तारखा लावून पाहिलं. तेवढ्यापुरता दोष मी तुम्हाला देत नाही.

पण बाकीचं ऐकून घ्यावं लागेल. तुम्ही माझं वाईट चिंतलं नाही, आणि म्हणूनच मला जास्त राग येतो. वाईट चिंतणाऱ्याशी भांडता येतं. आपल्या भल्यासाठी आपले पाय बांधणाऱ्याशी कसं भांडायचं, हे आम्हाला कोणी शिकवलेलं नाही.

गेल्या वर्षी वारशाचा कायदा झाला. विधवेचा हक्क पक्का झाला म्हणून तुम्ही चौकात बोललात. ते भाषण छापून आलं, ते मी कापून ठेवलं आहे, कारण ते फार चांगलं आहे. त्या कायद्याने गाडी माझी झाली. पण गाडीचं ज्ञान कोणाच्या नावावर झालं? ते ओसरीवरच राहिलं. मी दाराआड उभी होते. फटीतून जेवढं दिसलं तेवढं घेतलं, आणि फटीतून घेतलेलं अर्धंच असणार. विचारायची सोय नव्हती. भाऊ, आपल्या घराघरांत बायका असंच शिकतात. हिशेब फटीतून, व्यवहार फटीतून, औषध फटीतून. मग त्यांच्या हातून चूक झाली की ओसरीवरचे लोक म्हणतात, आम्ही सांगतच होतो. दार कोणी लावलं हे त्या वेळी कोणाला आठवत नाही.

तुम्ही हजारो लोकांना सांगता ते मी एकटीने खरं धरलं. चूक झाली असेल तर ती ही.

दिलेला शब्द मी पाळते. बैलगाड्या पाठवून द्या, सामान फार नाही.

नीला

*

ब्रह्मपुरी, ता. ६ जून १९५७

चि. नीलाबाई यांस आशीर्वाद.

बैलगाड्या पाठवत नाही.

तुमचं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. त्याला उत्तर म्हणून एक भाषण तयार झालं होतं. ते भागीरथाला ऐकवलं. ती म्हणाली, “चांगलं हाय. पण तिनं जे इचारलं ते याच्यात नाई.” म्हणून ते फाडून टाकलं आणि हे लिहितो.

गाडी पुन्हा बिघडणार हे कळूनही मी गप्प बसलो. ते वाईट केलं. पण पहिल्या पत्रात आवळण्याची रीत मी दडवली असं तुम्ही समजत असाल तर खरं त्याहून वाईट आहे. ती लिहायचं मला सुचलंच नाही. हेड निघणार नाही, चार दिवसांत तुम्ही कंटाळाल, अशी माझी खात्री होती. तुम्ही शेवटच्या नटापर्यंत पोचाल हे माझ्या मनातच आलं नव्हतं. ज्या माणसावर आपला विश्वास नाही त्याला आपण अर्धवटच सांगतो, आणि आपण अर्धवट सांगतो आहोत हे आपल्याला कळतही नाही.

त्या दिवशी अंगणात माझी पाठ दाराकडे होती. मधले नट मी आधी आवळले, ते माझ्या पाठीआड गेले. तुम्हाला दिसलं ते कडेचं. कडेने आधी दाबलं की पत्र्याचा फुगवटा मध्ये अडकतो आणि मधलीच पट्टी पुन्हा जळते. बापूने मला हेच विचारलं होतं आणि मी त्याला समजावून सांगितलं होतं. तुम्ही आठ हातांवर उभ्या होता.

नागपूरला दुसरं गॅस्केट सांगितलं आहे. ते घेऊन मी स्वतः येतो. आणि तुमच्या शब्दातून मी तुम्हाला मोकळं केलं आहे.

गुणवंतराव

*

धानोरा, ता. १५ जून १९५७

ती. भागीरथाबाई यांस नमस्कार.

भाऊ काल येऊन गेले. ते घरी पोचायच्या आत हे पत्र तुम्हाला मिळावं असं वाटतं, पण ते कालच्याच बसने निघाले आणि पत्र आजच्या बसने निघणार.

आले ते थेट गाडीपाशी गेले. मी पदर घेऊन पलीकडच्या बाजूला उभी राहिले. भाऊ बोनेटकडे बघत म्हणाले, “कलाबाई, यांना विचारा, पाणी सोडलं आहे का?” कलाबाई म्हणाली, “त्या इथीच उभ्या हायेत ना जी. काई बहिऱ्या नाईत.” भाऊंनी ऐकलं नाही असं दाखवलं. पाना हवा झाला की ते मडगार्डवर ठेवत, मी तिथून उचलून घेई, मी ठेवला की ते उचलत. कलाबाई थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “असंच चाललं तर हे मोटार पुढच्या तेंदूलेच निघते.” तेवढ्यात तिला एका तापाच्या रोग्याकडून बोलावणं आलं आणि ती निघून गेली.

नट सगळे सुटले होते. हेड एकट्याने उचलत नाही. बाजूला भिंत नव्हती, दार नव्हतं, मधे तुम्ही नव्हता. भाऊंनी एका बाजूने हात घातला, मी दुसऱ्या बाजूने. बराच वेळ आम्ही तसेच वाकून उभे. मग ते म्हणाले, “उचला.”

बाई, नऊ वर्षांत मला सरळ म्हटलेला तो पहिला शब्द. आणि मी काय बोलावं? “थांबा, बोट अडकलंय.”

त्यांनी घाबरून सोडलं, ते त्यांच्याच अंगठ्यावर. “अगं आई गं!” असं मोठ्याने ओरडले. मला हसू आवरेना. मग तेही हसले. अंगठ्याला मी पट्टी बांधली. त्यांनी हात पुढे केला आणि मी धरला, रोग्याचा धरते तसा.

नवं गॅस्केट बसवल्यावर मी पाना त्यांच्याकडे दिला. त्यांनी घेतला नाही. मागे सरकले, दोन्ही हात पाठीशी धरले आणि म्हणाले, “तुम्ही करा. मधला आधी. थोडाच. आता त्याच्या समोरचा. आता शेजारचा.” कुठेही घाई केली नाही. मधून कडेला, पुन्हा मधून कडेला, अशा तीन फेऱ्यांत आवळलं. मी विचारलं, “एकदम का नाही आवळायचे?” त्यांनी ते सगळं समजावून सांगितलं, इंजिन गरम झाल्यावर पुन्हा एकदा आवळायचं तेही सांगितलं. सभेत बोलतात तसं नव्हे. सावकाश.

गाडी त्याच चढावरून जाऊन आली. मंगलीच्या गावापर्यंत मी चालवली, भाऊ शेजारी बसले होते. रेडिएटर गप्प होता.

आता ज्यासाठी लिहिते ते. निघताना भाऊ म्हणाले, “तुमचा शब्द मी सोडला आहे, आता निश्चिंत राहा.” मी म्हटलं, “तो मी तुम्हाला दिला नव्हता. तुमच्याशी मी बोलतच नव्हते. मी बाईंना दिला होता.” त्यांनी अंगठ्याच्या पट्टीची गाठ चाचपली. मग म्हणाले, “खरं आहे. मग तिलाच विचारा.”

म्हणून विचारते. गाडी जुनी आहे. दोनदा बंद पडली, पुन्हाही पडेल. ठरल्याप्रमाणे मी केव्हाच यायला हवं होतं. त्या दिवशी उंबऱ्यावर तुम्ही उभ्या होता, माझं त्यांना सांगितलंत, त्यांचं मला सांगितलंत. तुम्हाला स्वतःला काय हवं आहे हे मी विचारलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. आता विचारते. या म्हणालात तर मी मनात काही न ठेवता येईन.

तुमची,
नीला

*

ब्रह्मपुरी, ता. २१ जून १९५७

नीला, तुले आशीर्वाद.

तुझं पत्र भेटलं. लगेच उत्तर देता आलं नाई. मले काय पाह्यजे हे कोणी इचारलं की काय सांगाचं, याची सवय नाई. पेरणीच्या धांदलीत इचार करत राह्यली.

खरं सांगून राह्यली. तू आली तर मले बरं वाटन. घरात बोलाले माणूस नाई. माडीवरची खोली यायनं सांगितली म्हणून नाई सारवली, मले तू पाह्यजे होती म्हणून सारवली. दोनदा सारवली.

तरी येऊ नको. मोटार पुन्हा बसली तरी येऊ नको. ते मंगलीचं पोर, ते कलाबाई, अन् तू तिथं मोटारीखाली काळे हात करून बसलेली, हे मले इथून दिसते, अन् मले ते चांगलं दिसते. तू मले दिलेला शब्द मी तुले परत केला. आता तो संपला.

यायले अजून सांगितलं नाई. अंगठा दाखवत गावभर फिरून राह्यले, मोटार दुरुस्त करताना लागला म्हणून. फिरू दे.

दिवाळीले मी येते म्हणते. नथ्थूच्या बसनं, एकटी.

हे पत्र कोणाजवळ देत नाई. पोष्टाच्या डब्यात टाकाले मीच चालली.

तुझी,
भागीरथा